रविवारचा बिघाड

माझं काम असं आहे की ते लोकांना समजावता समजावता चहा गार होतो. दुसऱ्यांच्या वेबसाइट तपासायच्या. गूगलवर शोधलं तर अमक्याची साइट वर काहून येत नाही, खाली काहून गेली, की दिसतच नाही, हे शोधून काढायचं आणि दुरुस्त्या लिहून द्यायच्या. याला आमच्या धंद्यात ऑडिट म्हणतात. आमच्या चौबे कॉलोनीतल्या शेजारीणबाई त्या एका शब्दावरून समजून बसल्या की मी कुठल्या तरी सीएच्या ऑफिसात आहे. दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. समजा बाई, सीए तर सीए.

त्या वर्षांत मी घरात एकटीच होते. बाबा रेल्वेत होते म्हणून आम्ही विदर्भातून रायपूरला आलो आणि इथलेच झालो. बाबा गेले, मग आई गेली. आईबरोबर घरातली मराठी गेली. भाजीवाल्याशी हिंदी, कामवाल्या दीदीशी हिंदी, क्लायंटशी इंग्रजी. दिवसचे दिवस तोंडातून मराठीचा एक शब्द निघायचा नाही, आणि निघाला तर स्वतःवरच खेकसताना. ‘काय करून राहिली तू, दूध उतू गेलं ना!’ ऐकायला मीच, उत्तर द्यायलाही मीच. फोन वाजायचा तो कामाचा. मला एकटं वाटतं असं कोणाजवळ बोललं की लोक एक तर स्थळ सुचवतात नाहीतर कुठल्या तरी बाबांच्या सत्संगाला चल म्हणतात, म्हणून मी बोलत नसे. पण वाटायचं. भल्लंच वाटायचं, आणि रविवारी तर घर खायला उठायचं.

तशात हे काम आलं. बंगलोरहून एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाची मेल. आडनावावरून आमच्यातलाच, मराठी, पण लिहिलं होतं हिंदीत. त्याचे वडील रायपुरातच, शंकर नगरला राहतात, घरून तांदूळ विकतात, आणि त्यांची साइट त्यानंच नोकरीला जायच्या आधी बनवून दिली होती. ‘गूगल में आती ही नहीं,’ त्यानं लिहिलं होतं. ‘मैं ठीक करवाता हूँ, फिर गायब हो जाती है। हर संडे यही चलता है। मेरे पास अब टाइम नहीं है। एक बार में परमनंट सोल्यूशन दीजिए।’ पासवर्ड वडिलांकडे आहे, त्यांना फोन करा, असंही होतं.

मी फोन केला. मी हिंदीत सुरू केलं आणि पलीकडून एकदम मराठी आली. “फोनवर पासवर्ड? अवं, टीव्हीवर रोज सांगून राहिले ना, फोनवर कोणाले काही सांगू नका म्हणून! तू चोर नाहीस हे मले काय माहीत?”

मी म्हटलं, “काका, मले तुमच्या मुलानंच काम दिलं.”

“चोरही असंच म्हणन. घरी ये. तोंड पाहतो तुझं, मग सांगतो.”

माझं डोकंच फिरलं. देशभरातल्या लोकांनी मला पासवर्ड दिले होते, माझं तोंड न पाहता. पण गेले. खरं सांगायचं तर आनंदानं गेले. कितीतरी दिवसांनी मला कोणीतरी ‘घरी ये’ म्हटलं होतं.

काका सत्तरीच्या पुढचे. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, काकू दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या. रस्त्याकडच्या खोलीत तांदळाची पोती, एक वजनकाटा, आणि कोपऱ्यात टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्यावर टाकलेला विणलेला रुमाल. दुबराज, जवाफूल, असे आपल्याकडचे बारीक वासाचे तांदूळ ते अभनपूरकडच्या ओळखीच्या लोकांकडून आणायचे आणि नागपूर-पुण्याच्या मराठी घरांत पाठवायचे. माझं तोंड त्यांनी खरोखरच पाहिलं, चष्मा खाली-वर करून. मग विचारलं, “कोणाची गं तू?” मी बाबांचं नाव सांगितलं. ओळख निघाली नाही, पण त्यांचं समाधान झालं, आणि पासवर्ड मिळाला.

आता यातली थोडी तांत्रिक बाब सांगते, घाबरू नका. नवीन साइट बांधताना ती अर्धवट असते, तेव्हा गूगलनं ती लोकांना दाखवू नये म्हणून सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यात टिक केली की साइट शोधात येत नाही. बांधून झाली की टिक काढायची. घरात रंगकाम चालू असताना दाराला आतून कडी लावतो, तेवढंच ते. कित्येक जण ती कडी काढायलाच विसरतात आणि वर्षभर बोंबलत बसतात की गिऱ्हाईक काहून येत नाही. मी लॉगिन केलं, पहिल्यांदा तेच पाहिलं, आणि टिक तिथं होती. हसूच आलं. एवढा बंगलोरचा सॉफ्टवेअरवाला, आणि हे?

टिक काढली, खुर्ची फिरवली आणि ऐटीत म्हटलं, “काका, झालं. आता चार-आठ दिवसांत दिसन.”

“झालं?” काका म्हणाले. “एवढ्यात?”

“हव.”

“मंग आता बिघडणार नाही?”

“काहून बिघडन? बाकी किरकोळ कामं आहेत. फोटो भल्ले मोठे आहेत, साइट हळू उघडते, काही पानांचे मथळे नाहीत. ते मी घरून करते. पण मुख्य दुखणं गेलं.”

“बरं,” ते म्हणाले आणि उठून चहा ठेवायला गेले. आनंद नाही, शाबासकी नाही, काही नाही. मला रागच आला. डॉक्टरनं ताप उतरवला तर माणूस निदान हुश्श तरी करतो. चहा मात्र त्यांनी छान केला होता, आलं घालून, आणि आम्ही खूप वेळ बोललो. कोणत्या तांदळाचा भात मोकळा होतो, कोणत्याचा गुरगुट्या, शंकर नगर आधी कसं शांत होतं आणि रायपूर राजधानी झाल्यापासून गाड्यांनी कसा जीव नकोसा केला. मी निघाले तेव्हा त्यांनी एका पिशवीत जवाफूल बांधून दिलं. घरी येऊन मी भात टाकला. वास साऱ्या घरभर सुटला आणि मी एकटी जेवायला बसले. घास गिळता गिळता रडू आलं. काहून आलं ते मला माहीत होतं.

आठवड्यानं साइट गूगलवर आली. मी बाकीची कामं करत होते, फोटो लहान केले, मोडलेल्या लिंका जोडल्या. आणि दोन-तीन दिवसांनी पाहते तर साइट पुन्हा गायब! लॉगिन करून पाहिलं. टिक परत लागलेली. अगं बाई, म्हटलं, हे भूत कोणतं? मी काढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कोणी आत घुसलं का पाहिलं, पासवर्ड बदलला आणि नवा काकांना नेऊन दिला, साइट ठेवणाऱ्या कंपनीशी भांडले. ती बिचारी माणसं सॉरी मॅडम, सॉरी मॅडम करत राहिली, चूक नसताना. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एका टिकेनं मला असं कधी नाचवलं नव्हतं. तिकडून पोराचे मेसेज. ‘फिर से गायब है। आप कर क्या रही हैं?’

शेवटी एका रविवारी सकाळी मी सरळ शंकर नगरला गेले, न कळवता. म्हटलं, त्याच कॉम्प्युटरवर बसून पाहते, नाहीतर माझं डोकं फुटन.

दार उघडंच होतं. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, आणि फोन स्पीकरवर ठेवलेला. मला पाहून ते दचकले, मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला खुर्ची दाखवली. मी बसले.

“बाबा, लेफ़्ट साइड में देखो,” फोनमधून आवाज आला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “नीचे सेटिंग लिखा है।”

“कुठं रे? दिसून नाही राहिलं.”

“अरे, सबसे नीचे के पास।”

“थांब, चष्मा पुसतो. तू जेवला का?”

“हाँ, नाश्ता किया। मिला क्या?”

“काय खाल्लं?”

“बाबा, पहले ये कर लो न। ब्रेड खाया। सेटिंग खोलो।”

“नुसता ब्रेड? बरं, बरं, खोलतो. हे पाहा, कुठलं कुठलं उघडून राहिलं…”

मी स्क्रीनकडे पाहिलं. सेटिंगचं पान केव्हाचं उघडं होतं. टिकेचा चौकोन समोर होता आणि माउसचा बाण बरोबर त्या टिकेवर ठेवलेला होता. काकांचा हात स्थिर होता. आणि ते फोनमध्ये म्हणत होते, “नाही बाप्पा, मले तर काहीच दिसून नाही राहिलं.”

माझ्या सगळं लक्षात आलं. पोरगा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, काका पुन्हा चुकू लागले. मधेच तिकडे पाऊस आहे का, घरमालक भाडं वाढवून मागत होता त्याचं काय झालं, घसा काहून बसल्यासारखा वाटतो, हळद-दूध घेतो का. पोरगा वैतागत होता, पण उत्तरं देत होता. बराच वेळ गेला. मग पोरगा म्हणाला, “मुझे निकलना है बाबा,” आणि त्याबरोबर काकांनी माउस दाबला. “हव, सापडलं! निघाली टिक. बरं झालं बाप्पा तू होता.” फोन बंद झाला.

मग मीच म्हटलं, “काका, तुम्हीच लावता.”

“हव. मीच लावतो,” ते म्हणाले. लाजले नाहीत, सारवासारव केली नाही. “शनिवारी लावतो, मग त्याले मेसेज टाकतो, साइट दिसून नाही राहिली. या डब्यातलं मले दुसरं काही येत नाही. ही टिक तेवढी येते. त्यानंच शिकवली.”

“काहून पण?”

“तुले सांगू का,” त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला. “याच्या आधी बोलायचो आम्ही, नाही असं नाही. कसे आहात, बरा आहे. जेवले का, जेवलो. ठेवू का, ठेव. झालं! त्याची आई होती तेव्हा तिच्याशी बोलायचा तो, मी बाजूला बसून ऐकायचो. ती गेल्यावर आम्हा दोघांजवळ बोलायले काही उरलंच नाही. मग एकदा ही साइट खरंच बिघडली. तर पोट्टा घंटाभर बोलला माझ्याशी! घंटाभर! रागावला, ओरडला, पण फोन ठेवला नाही. आता साइट सुधरली का तो कायले फोन करन?”

“अन् गिऱ्हाईक? तांदूळ विकायचा नाही का तुम्हाले?”

“पेन्शन आहे ना,” काका म्हणाले. मग जरा खाली वाकून, अगदी हळू, “पोरी, तुझ्या त्या रिपोर्टात लिही ना, का बिघाड भल्ला मोठा आहे. दर आठवड्याले पाहा लागते. असं लिहिता येत असन ना तुले?”

चहा न घेताच निघाले. रिक्षात बसल्यावर त्या पोराचा असा राग आला की पाहावं, आणि त्याच्या मागोमाग काकांचा हेवा वाटला. हो, हेवाच. त्यांच्याजवळ बिघडवायला निदान काहीतरी होतं. माझ्या घरातलं काहीही बिघडलं असतं तरी रविवारी फोन करणारं कोणी नव्हतं.

रिपोर्ट लिहायला मी कधी इतका वेळ लावला नाही. फोटो, मथळे, वेग, मोबाइलवर पान कसं दिसतं, सगळं लिहून झालं आणि मुख्य जागा रिकामी राहिली. बिघाड मोठा आहे असं लिहिलं असतं तर? पोरगा सॉफ्टवेअरवाला. त्यानं दुसऱ्या कोणाला काम दिलं असतं, त्या माणसानं चहा येण्याआधी टिक शोधली असती, आणि काका उघडे पडले असते. शिवाय खोटं ऑडिट माझ्या हातून होत नाही, माझा स्वभावच नाही तो. मग वाटलं, खरं सांगितलं तर? पोरगा आहे, दगड तर नाही. नुसतं कळलं नसेल त्याला. कळलं तर त्याच्या पोटात तुटेल, तो टिकेशिवाय फोन करेल. मला तसं मनापासून वाटलं. मी दिवसभर त्याच विचारात हिंडले, गॅसवर भाजी लागली तरी कळलं नाही.

शेवटी खरं तेच लिहिलं. टिक कोण लावतं, केव्हा लावतं. आणि खाली, ऑडिटमध्ये जे कोणी लिहीत नाही ते लिहिलं. मराठीतच लिहिलं, म्हटलं वाचता तर येतं ना त्याला. ‘साइटमध्ये बिघाड नाही. तुमच्या वडिलांना तुमच्याशी बोलायचं असतं, आणि दुसरं निमित्त त्यांना माहीत नाही. त्यांना रागावू नका. रविवारी साइट चांगली चालू असली तरी फोन करा.’

पाठवलं, आणि फोन हातात घेऊन बसले. तो मला फोन करेल असं वाटत होतं. रागावेल, तुम्हाला काय करायचं म्हणेल, नाहीतर गप्प राहून हळूच विचारेल की बाबा बरे आहेत ना. काहीही चाललं असतं. संध्याकाळी मेसेज आला.

‘ओके, समझ गया। बाबा का एडमिन ऐक्सेस हटा दीजिए। बिल भेज दीजिए।’

एवढंच. मी परत परत वाचला, खाली आणखी काही आहे का म्हणून पाहिलं. काही नव्हतं. अंगाची लाही लाही झाली. मी त्याला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. ‘इन अ मीटिंग’ असा तयार मेसेज आला. मी घरात एकटीच त्याच्यावर ओरडले, मराठीत, चांगल्या दोन-चार शिव्या हासडल्या. भिंतींनी ऐकल्या.

दोन दिवस मी ते केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. साइट त्याच्या नावावर, काम त्यानं दिलेलं. माझ्याजवळ नाही म्हणायला काही नव्हतं. मी काकांच्या नावापुढचा अधिकार बदलला. आता त्यांना आलेल्या ऑर्डरी दिसणार होत्या, सेटिंग दिसणार नव्हती. एक क्लिक. टिक लावायला लागते तेवढीच.

साइट गूगलवर आली आणि राहिली. रायपूरचा सुगंधी तांदूळ शोधला की बऱ्यापैकी वर दिसायची. माझं एवढं चोख काम त्या वर्षात दुसरं झालं नाही.

अधिकार काढल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी माझा फोन वाजला. रविवारी माझा फोन वाजत नाही, म्हणून मी आधी दचकलेच. काका होते.

“पोरी, ते सेटिंग दिसून नाही राहिलं,” ते म्हणाले. “खरंच दिसून नाही राहिलं. काल संध्याकाळपासून शोधून राहिलो.”

मी म्हटलं, “काका, ते मी काढलं. तुमच्या मुलानं काढायले सांगितलं.”

मला वाटलं, आता रागावतील. मी तयारच होते, माझं ते देणं होतं. पण काका म्हणाले, “म्हणजे बोलला तो तुझ्याशी?”

मी काही म्हणेपर्यंत त्यांनी पुढचं विचारलं. “फोन केला असन ना. किती वेळ बोलला?”

त्याच्या मेसेजच्या त्या दोन ओळी माझ्या फोनमध्ये होत्या. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

“बराच वेळ,” मी म्हटलं.

“अस्सं? काय म्हणे?”

“म्हणे, बाबांची काळजी वाटते. म्हणे, एकटे असतात, कॉम्प्युटरशी झटापट करत बसतात, त्यांना त्रास नको म्हणून काढून टाका.” एकदा सुरू झाले तर थांबता येईना. “विचारत होता, तब्येत कशी दिसली, जेवण नीट करतात का. म्हणे, आईची आठवण येते, बाबांना सांगता येत नाही. दिवाळीत सुट्टी काढतो म्हणे.”

काका ऐकत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“तो असा बोलत नाही, पोरी,” ते म्हणाले.

माझे कान गरम झाले होते. फोन ठेवावा की माफी मागावी, काही कळेना.

“पण सांग,” काका म्हणाले. “आणखी काय म्हणे?”